कमरेएवढं खुराडं

ठमाबाई पडली ती खुराड्यापाशीच. कळसला वस्तीवरच्या घरामागं, गुडघ्याएवढ्या दगडी खुराड्यात डोकं घालून अंडी काढताना तिला भोवळ आली की पाय सरकला, हे तिनं शेवटपर्यंत कुणाला नीट सांगितलं नाही. सगळं अंग डाव्या हातावर आलं आणि मनगट मोडलं. शेजारची कुशाबाई काडेपेटी मागायला आली तेव्हा ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि कोंबड्या तिच्या पायांवरनं ये-जा करत होत्या. कुशाबाईनं ही हकिकत इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली, की माळेगावला सुनेच्या कानावर यायच्या आधीच ती निम्म्या तालुक्यात पोचली होती.

सून म्हणजे मेघना. सरकारी उपकेंद्रात नर्स. नवरा सुयश बारामतीच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला. माळेगाव बुद्रुकच्या कडेला दोन गुंठ्यांत त्यांनी स्लॅबचं घर बांधलं होतं. मागं परडं होतं आणि परड्याच्या भिंतीपलीकडं दुसऱ्याचा ऊस. मुलगी निकिता पुण्याला होस्टेलवर होती, तिची खोली रिकामीच होती. प्लास्टरच्या हातासकट ठमाबाईला त्या खोलीत आणून बसवलं आणि त्याच संध्याकाळी सुयशनं जाहीर केलं की आई आता परत कळसला जाणार नाही.

ठमाबाईनं ऐकून घेतलं. एका हातानं चहा बशीत ओतला, फुंकून संपवला, बशी बाजूला सारली.

"ऱ्हाते की," ती म्हणाली. "माझ्या कोंबड्या आणा हितं. त्यांना खुराडं झालं की मी ऱ्हाते."

सात कोंबड्या आणि एक कोंबडा. तूर्त त्यांना कुशाबाई दाणे टाकत होती.

"येवढंच ना? दोन दिवसांचं काम हाय," सुयश म्हणाला.

मेघनाच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. सुयश दोन दिवसांचं काम म्हणाला की ते किती दिवस चालतं आणि कुणाच्या अंगावर येतं, हे तिला पाठ होतं. पण म्हातारी एकटी असताना पडली ही गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. उपकेंद्राच्या हद्दीत घरोघर फिरताना अशी पडलेली माणसं तिनं पाहिली होती. त्यांच्यातली काही नंतर उठलीच नव्हती.

पहिलं खुराडं सुयशनंच आणलं, म्हणजे आणायचं तेवढं आणलं. भंगारवाल्याकडचं लोखंडी कपाट, एक दार गेलेलं. ते परड्यात आडवं टाकलं, ड्रिलनं बाजूला भोकं पाडली आणि रात्रपाळी होती म्हणून तो जाऊन झोपला. आत गंज खरवडायचं काम मेघनानं केलं. दुपारभर पत्र्याचा करकर आवाज दातात बसला. नाकात तांबडी भुकटी गेली, शिंकली की रुमाल तांबडा व्हायचा. संध्याकाळी तिनं कपाटात भाताचं तूस पसरलं आणि सासूला बोलावलं.

ठमाबाई आली. उजव्या हाताचा तळवा तिनं कपाटावर टेकला आणि काढला. जानेवारीचं ऊन, तेही उतरतं, तरी पत्रा तापलेला होता.

चैतात यात कोंबड्या शिजतील, एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

मेघनानं स्वतःचा हात लावून पाहिला. म्हातारी खोटं बोलत नव्हती. चिडायचं तर कशावर चिडायचं, हा प्रश्न तिला त्या दिवशी पहिल्यांदा पडला आणि पुढं तीन आठवडे पडत राहिला.

दुसरं खुराडं विटांचं ठरलं. घराच्या वेळच्या दोनशे विटा भिंतीकडेला रचलेल्या होत्याच. गवंड्याला विचारलं, तर तो म्हणाला की एवढ्याशा कामाला मी थापी काढत नाही. दुसरा म्हणाला येतो, आणि आला नाही. तिसऱ्यानं फोन उचलला नाही. शेवटी रविवारी नवरा-बायकोनंच बांधायला घेतलं. सुयशनं मोबाईलवर बघून माल कालवला. तो आधी पातळ झाला, मग त्यात वाळू टाकली तर कोरडा झाला. मेघना घमेल्यानं विटा वाहत होती, भिजवत होती, हातानंच माल लावत होती, कारण थापी एकच होती आणि ती सुयशच्या हातात होती. ठमाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होती. मधूनच, वीट वाकडी बसली, असं म्हणायची. सुयश म्हणायचा, बसू दे. ती म्हणायची, बसू दे की, मला काय.

चार थर झाले, दाराची जागा सोडली, वर फरशी टाकली. दिवस मावळायला आला. मेघनाची कंबर सरळ होईना. तिनं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून सासूकडं बघितलं.

ठमाबाई खुर्चीतनं उठली, खुराड्यापाशी आली आणि उभीच राहिली. वाकली नाही.

"अंडी कशी काढायची?" तिनं विचारलं.

सुयश म्हणाला, वाकून.

"वाकूनच पडले की."

सुयशनं बायकोकडं पाहिलं, जणू हे तिला आधीच सुचायला हवं होतं. मग त्याला पाळीची आठवण झाली. ओला माल घट्ट व्हायच्या आत मेघनानं एकटीनं फरशी उतरवली, विटा सोडवल्या, एकेक धुऊन परत भिंतीकडेला लावल्या. अंधार पडेपर्यंत तेच. सिमेंटनं बोटांच्या टोकांची सालं निघाली. मंगळवारी लसीकरणाचा दिवस होता. बाळाच्या मांडीवर स्पिरीटचा बोळा लावताना तिचीच बोटं अशी भगभगली की डोळ्यांत पाणी आलं. बाळाची आई म्हणाली, सिस्टर, तुमच्या हाताला काय झालं. मेघना म्हणाली, खुराडं. त्या बाईला काही कळलं नाही आणि मेघनानं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं शिवणाचा टेप काढला आणि सासूला भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"आत्या, एकदाच सांगा. किती उंच पायजे? किती लांब? दार कुठं? एकदाच. परत मी काय मोडायची न्हाय."

ठमाबाईनं आधी आढेवेढे घेतले, मला काय कळतंय म्हणाली. मग हळूहळू सांगायला लागली. तळ तिच्या कमरेएवढा हवा, म्हणजे हात सरळ आत जाईल. दार तिच्या एका वितीपेक्षा मोठं, पण दोन वितींपेक्षा लहान, नाहीतर दार उघडलं की सगळ्या एकदम अंगावर येतात. कडी अशी की एका हातानं उघडावी. आत आडवी काठी, कारण कोंबडी रात्री जमिनीवर टेकत नाही, तिला धरायला काहीतरी लागतं. जाळी बारीक, मुंगसाचं डोकं शिरलं की अख्खं मुंगूस शिरतं. छप्पर उतरतं, मागच्या अंगाला. बोलता बोलता म्हातारीचा आवाज बदलला. भिंत सोडून ती खोलीच्या मध्यावर आली आणि चांगल्या हातानं हवेत खुराडं काढून दाखवायला लागली, हितं पाय, हितं दार. मेघना खाली बसून तिच्या कमरेला टेप धरत होती. लुगड्याच्या घड्यांतून हाडं लागत होती. इतकी वाळलेली आहे ही, तिच्या मनात आलं. बावीस वर्षांत ती सासूच्या इतकी जवळ कधी गेली नव्हती. आकडे तिनं लसीकरणाच्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागं लिहून घेतले.

असं खुराडं लोखंडी अँगलचंच होणार होतं. कारखान्याच्या रस्त्याला ऋषिराजचं वेल्डिंगचं दुकान होतं. पण गाळप हंगाम भरात. दुकानापुढं मोडक्या ट्रॉल्यांची रांग. कुणाचा हुक तुटलेला, कुणाचा पाटा, आणि ड्रायव्हर तिथंच उभे, कारण एक गाडी थांबली की रानातली ऊसतोडीची टोळी थांबते. ऋषिराज पंचविशीचा, वागायला नम्र. सिस्टर उद्या या, म्हणाला. ती उद्या गेली. परवा या म्हणाला, ती परवा गेली. उपकेंद्रातून सुटली की बॅग खांद्याला तशीच, ती उलट्या डब्यावर बसून राहायची. ठिणग्या उडाल्या की तोंड फिरवायची. एका ड्रायव्हरनं विचारलं, सिस्टर इथं कुणाला इंजेक्शन द्यायला आलात. दुसरा म्हणाला, त्यांना कोंबड्यांचा बंगला बांधायचाय. सगळे हसले. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोचं बाळंतपण तिनं केलं होतं, तोही हसला.

चौथ्या दिवशी ऋषिराज म्हणाला, बाजारात तयार पिंजरा मिळतो की, कशाला एवढा कुटाणा. मेघनानं फॉर्म उलटा करून त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचला आणि विचारलं, हे कमरेएवढं म्हणजे कुणाच्या कमरेएवढं.

"माझ्या सासूच्या," ती म्हणाली.

त्यालाही हसू आलं. मग मात्र तिचं डोकं फिरलं. ती उठली, समोर ज्या ट्रॉलीचा हुक वेल्डिंगला काढला होता तिच्या दांडीवर जाऊन बसली, बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाली, "माझं झालं की मी उठते."

ड्रायव्हर आधी हसला. मग ओरडायला लागला, गाडी भरायला जायचीय, टोळी वाट बघतीय. मेघना त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती. बाईमाणूस, त्यातून नर्स, उचलून तर बाजूला ठेवता येत नाही. ऋषिराज दोन मिनिटं डोक्याला हात लावून उभा राहिला. मग त्यानं अँगल ओढले, खडूनं खुणा केल्या आणि कटर चालू केला. दीड तास लागला. तेवढा वेळ ती दांडीवर बसून होती. लोखंडाचा गारठा साडीतून वर चढत होता, मांड्या बधिर झाल्या होत्या आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, काय झालं. उठताना त्या ड्रायव्हरनंच हात दिला आणि पुटपुटत सांगाडा टेम्पोत चढवू लागला.

सांगाडा आला म्हणजे खुराडं झालं असं नव्हे. छपराचा पत्रा सुयशनं बसवला, पण उतार पुढं काढला. पावसाचं पाणी दारात पडेल, असं ठमाबाई म्हणाली. तो उलटा केला. जाळी मेघनानं आणली, ती बोटभर भोकांची निघाली. यातनं मुंगसाचं पिल्लू जाईल, असं ठमाबाई म्हणाली. ती बदलून बारीक आणली. जाळी अँगलला बांधायला तारेचे तुकडे करून एकेक पक्कडीनं पिरगळायचे होते. तिनं तीन संध्याकाळी तेच केलं. तारेची टोकं बोटांत घुसायची. आधीची सालं भरून येत होती, त्यात ही भोकं. काठी बाभळीची घातली तर तिला काटा राहिला होता. ठमाबाईनं बरोबर त्याच काट्यावर बोट ठेवलं. काठी तासली. दार मावळतीला झालं होतं. सकाळचं ऊन आत गेलं पाहिजे म्हणाली. मग चौघं बोलावून सगळं खुराडं फिरवलं.

दर वेळी म्हातारीचं म्हणणं खरं असायचं, हेच मेघनाला सहन होत नव्हतं. खोटी खुसपटं काढणारी सासू असती तर भांडता आलं असतं. ही दोन शब्द बोलायची, ते बरोबर असायचे, आणि ती आत जायची. सुयशला सांगितलं तर तो म्हणायचा, म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं, तू मनावर घेऊ नको. मनावर न घेता पक्कड कशी चालवायची ते त्यानं सांगितलं नाही.

बुधवारी खुराडं पुरं झालं. मेघनानं कडी लावली, काढली, परत लावली. एका हातानं, करंगळीनं सुद्धा निघत होती. तिनं सासूला हाक मारली. ठमाबाई आली, भोवतीनं फिरली. जाळी ओढून पाहिली. काठीवर हात फिरवला. खाली वाकून पाय बघितले नाहीत, पण पायानं ढकलून बघितलं. मग समोर उभी राहून दार उघडलं आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. पाठ ताठ. हात आत तसाच ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली.

मेघना वाट बघत होती.

"झालं म्हणायचं," ठमाबाई म्हणाली. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. रात्री ती जेवलीही अर्धी भाकरी.

दमली असेल, असं मेघनाला वाटलं. स्वतः ती इतकी दमली होती की जास्त विचार करायला जागाच नव्हती. सकाळी तिनं कुशाबाईला फोन लावला, की शनिवारी कोंबड्या घ्यायला येतो, टोपल्यात घालून ठेवा.

पलीकडं कुशाबाईला खरं वाटेना.

"म्हंजी झालं व्हय खुराडं?" ती म्हणाली. "ठमावैनी तर म्हणल्या व्हत्या, त्यांच्यानं काय व्हायाचं न्हाय. पंधरा दिसांत मीच येते माघारी, तंवर दाणं टाक, कोंबड्या कुणाला दिऊ नगं. परवाच्याला फोन केला तवा बी त्येच म्हणल्या."

मेघनानं फोन ठेवला. कामावर जायला उशीर होत होता. ती मागच्या दारी गेली. ठमाबाई खुराड्याजवळ खुर्ची टाकून उन्हाला बसली होती. मेघनाला ओरडायचं होतं, पण आवाज फुटला तो अगदी बारीक.

"आत्या, तुमाला ऱ्हायचं न्हवतं तर मला सांगायचं हुतं."

ठमाबाईला समजायला वेळ लागला नाही. तिनं प्लास्टरचा हात मांडीवर नीट घेतला.

"सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? सुयश म्हणला, जायचं न्हाय. मग मी कोंबड्या म्हणले."

"आणि माझ्याकडनं तीन-तीन खुराडी करून घेतली."

"मला वाटलं तू दोन दिसांत कटाळशील." म्हातारी खाली बघून बोलत होती. "तू कटाळलीच न्हाईस."

मेघना तिथनं सरळ निघाली. दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. रजिस्टरमध्ये एका बाईचं वजन दुसरीच्या नावापुढं लिहिलं. राग एका जागी बसत नव्हता. कधी सासूचा यायचा, कधी सुयशचा, कधी स्वतःचा. दांडीवर बसलेली स्वतः तिला दिसायची, आणि हसणारे ड्रायव्हर.

संध्याकाळी ती घरी आली तर ठमाबाई फाटकात उभी. मेघना चपला काढत असताना ठमाबाई म्हणाली, "मापं खोटी न्हवती सांगितली. तसंच पायजे हुतं मला. कळसला."

मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, ती बोलत राहिली. कळसला दारात बसलं की रस्ता दिसतो. रानाला जाणाऱ्या बाया हाक मारतात. विहारात झाडायला सकाळी तिची पाळी असते. इथं मेघना आणि सुयश गेले की घर बंद. पंखा तेवढा आवाज करतो. रोज ती फाटकापर्यंत जाते नि माघारी येते. रस्त्यानं माणसं जातात, पण तिला ओळखत कुणी नाही, त्यामुळं हाकही मारत नाहीत. एवढं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, चहा टाकू का. एका हातानं तिनंच टाकला. ओट्यावर सांडला. मेघनानं पुसला नाही, बसून राहिली.

रात्रीचं जेवण झाल्यावर मेघनानं सुयशला सांगितलं की खुराडं कळसला न्यायचं. खुराडं आणि आत्या, दोन्ही. सुयश ताडकन उठला. वेड लागलं का, म्हणाला. परत पडली तर. आणि लोक काय म्हणतील, सुनेनं घालवली म्हणतील, नर्स असून एका म्हातारीला सांभाळता आलं नाही म्हणतील.

हे म्हणणार, हे मेघनाला त्याच्या आधी ठाऊक होतं. तिच्या हद्दीत पाच गावं होती. प्रत्येक ओट्यावर तिची ओळख होती. संध्याकाळपासून तिनं तेच तर चघळलं होतं.

"म्हणू द्या," ती म्हणाली. "म्हणणाऱ्यांतलं एक माणूस जाळी बांधायला आलं न्हवतं. तुमी बी न्हवता."

सुयश शुक्रवारी दिवसभर घुम्यासारखा वागला. रात्री हळूहळू अटींवर आला. प्लास्टर निघेपर्यंत कुशाबाईनं रात्री तिथं झोपायचं. मोबाईल गळ्यात बांधायचा. मेघनानं दर आठवड्याला जाऊन यायचं. यावर मेघनानं नुसतं त्याच्याकडं बघितलं, तेव्हा त्यानं सुधारून, आळीपाळीनं जाऊ, असं म्हटलं. ठमाबाई सगळ्या अटींना हो म्हणाली. इतक्या पटापट हो म्हणाली की मेघनाला संशय आला.

शनिवारी सकाळी छोटा टेम्पो आला. खुराडं उचललं आणि कळलं की ते फाटकातून जात नाही. चार बोटं जास्त होतं. आडवं केलं तर पाय अडले, उभं केलं तर छप्पर. आत कसं आणलं होतं, असं टेम्पोवाल्यानं विचारलं. आणलं तेव्हा नुसता सांगाडा होता. छपराचा बाहेर आलेला पत्रा कुणी मोजला नव्हता. शेवटी कंपाउंडच्या भिंतीवरनं वर चढवायचं ठरलं. सुयश आणि शेजारचे दोघं आतून, टेम्पोवाला बाहेरून. एकानं आधीच सोडलं आणि एक पाय भिंतीला लागून वाकला. मेघना दगड घेऊन आली आणि तिनं ठोकून पाय सरळ केला.

भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागलं. उडालेलं पाचट काचेवर येऊन चिकटत होतं. ठमाबाई मध्ये, मेघना दाराशी, सुयश मागं खुराडं धरून. भवानीनगर मागं पडलं, डावीकडं फाटा लागला आणि म्हातारी खिडकीतून बाहेर बघून रानं ओळखायला लागली. ह्याचा ऊस राहिलाय अजून, त्याचा गहू बरा आलाय. तीन आठवड्यांत मेघनानं तिच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं.

कळसला टेम्पो थांबला आणि वस्तीवरच्या बाया जमल्या. खुराडं उतरवलं. जमीन उतरती, एक पाय अधांतरी. मेघना चपट्या दगडांसाठी घरामागं फिरली, एक ठेवला तर जास्त झाला, दुसरा कमी. बाया बघत होत्या आणि सल्ले देत होत्या. जुनं दगडी खुराडं तिनं सुयशकडून पाडून घेतलं. ठमाबाई त्याला हात लावू नका म्हणाली, पण या वेळी कुणी ऐकलं नाही. कुशाबाईनं टोपल्यातून कोंबड्या आणल्या. त्या सगळीकडं गेल्या, खुराडं सोडून.

निघायची वेळ झाली. मेघना हात धूत होती तेव्हा मागनं एक बाई म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात, की नोकरीवाल्या सुना अशाच, मोडक्या हाताची म्हातारी आणून टाकली. सुयश खाली बघायला लागला. मेघनाच्या कानशिलात गरम झालं. हेच ऐकायला आपण आलो, तिला वाटलं. ती हात धूतच राहिली.

ठमाबाई नव्या खुराड्यापाशी उभी होती. तिथनंच बोलली.

"तिनं न्हाय टाकली. मी आलीया. ती तर सोडत न्हवती."

एवढंच. आणि लगेच कोंबड्यांमागं वळली. त्या बाईनं पदर सावरला आणि तिला घरी काहीतरी आठवलं. मेघनानं हात पुसले. सासूला येते म्हणाली. सासू हूं म्हणाली, तिच्याकडं न बघता.

परतीच्या वाटेवर सुयश बोलायला बघत होता. मेघनानं डोळे मिटून घेतले. तिला झोप आली नव्हती, पण कुणाचं ऐकायची ताकद नव्हती.

दिवस मावळून गेल्यावर तिनं घरून फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. उचलला तेव्हा आधी कोंबड्यांचा कालवा ऐकू आला.

गेल्या का आत, मेघनानं विचारलं. नाहीत गेल्या, ठमाबाई म्हणाली, सगळ्या छपरावर चढून बसल्या होत्या, एकेकीला धरून घातली, कुशी नुसती बघत बसली. शिकतील चार दिवसांत. मग म्हणाली, पुढच्या शनिवारी येऊ नको, रविवारी ये.

मेघना म्हणाली, रविवारी पोलिओ आहे, तिला सुट्टी नाही. शनिवारी का नको.

"शनवारी आमी समद्या हरभरा उपटायला चाललोय. मी घरी न्हाय."

मेघना खुर्चीत होती ती उठून उभी राहिली.

"आत्या, हात प्लास्टरमदी हाय तुमचा."

"एक हाय," ठमाबाई म्हणाली. "दुसरा मोकळाच हाय की."